नेहमीची शाळा की थेरपीची शाळा? आधी तीन रकान्यांची वही करा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला नीट कळलाय का ते तपासायला आधी माझ्या शब्दांत मांडते. मुलगा साडेसहा वर्षांचा. चौथ्या वर्षी स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं निदान झालं. ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी म्हणतो, पण स्वतःहून काही मागणं फार कमी. पहिलीत गेल्यापासून आठवड्यातून दोनतीनदा कुणाला तरी चावतो, मध्येच वर्गाबाहेर पळतो. शाळेनं पत्र दिलंय की थेरपी देणारी विशेष शाळा बघा. मिस्टर म्हणतात, एकदा तिकडे गेला की परत येणार नाही. आणि तुम्ही विचारताय की तिकडे घालू का, की इथेच ठेवून संध्याकाळची थेरपी दोन तासांची तीन तास करू.

पर्याय तुम्ही दोन दिलेत, पण त्या दोन्हींच्या आधीचा एक प्रश्न राहून गेलाय. तो चावतो तेव्हा त्याला नेमकं काय म्हणायचं असतं? पत्रातला जो मजकूर तुम्ही लिहिलाय त्यात तारखा आहेत, कुणाला चावला ते आहे. चावण्याच्या मिनिटभर आधी काय चाललं होतं, ते कुठेच नाही. ते कळल्याशिवाय शाळा बदलणं म्हणजे दुखतंय कुठे हे न विचारता औषध बदलणं.

मी विशेष शिक्षिका आहे. २२ वर्षं हे काम करते. त्यातली पहिली नऊ वर्षं नेहमीच्या शाळेतल्या रिसोर्स रूममध्ये, म्हणजे जादा मदत लागणाऱ्या मुलांच्या खोलीत गेली, पुढची थेरपी देणाऱ्या शाळेत. म्हणजे मुलं ‘तिकडे’ पाठवणाऱ्यांतही मी होते आणि ती आल्यावर सांभाळणाऱ्यांतही. तरी तुमच्या मुलाला मी पाहिलेलं नाही. तो किती झोपतो, वर्गात किती मुलं आहेत, बाईंना किती मोकळीक आहे, जवळच्या विशेष शाळेतली माणसं कशी आहेत, यावर बरंच ठरतं. म्हणून पुढे जिथे ‘अमुक असेल तर’ असं म्हणेन तिथे ते शब्द खरंच तोलून बघा.

चावण्यापासून सुरुवात करते. माझ्याकडे सात वर्षांची एक मुलगी होती. तीही चावायची, आणि सगळ्यांचं ठाम मत होतं की संगीताचा तास तिला सहन होत नाही, आवाजाचा त्रास होतो. कानांवर लावायचे हेडफोनही आणून झाले होते. आम्ही एक साधी वही केली. तीन रकाने: आधी काय चाललं होतं, तिनं काय केलं, नंतर काय झालं. वेळ आणि जागा समासात. अडीच आठवड्यांत बारा नोंदी झाल्या. त्यातल्या नऊ नोंदींत ती संगीताच्या खोलीत पोचलीच नव्हती. वर्गाच्या दाराशी रांग लागायची, मागची मुलं रेटायची, आणि त्या चारपाच मिनिटांत चावा पडायचा. तिसरा रकाना तर आम्हालाच लाज आणणारा निघाला. दर वेळी चावल्यावर तिला रांगेतून काढून बाहेरच्या बाकावर एकटं बसवलं जायचं. तिला तेच तर हवं होतं! म्हणजे चावण्याचा पगार आम्हीच वेळच्या वेळी देत होतो.

उपाय फार साधा होता. तिला रांगेत सगळ्यात शेवटी उभं करायचं, हातात वाद्यांची टोपली द्यायची, म्हणजे मागून कुणी रेटणार नाही आणि पुढच्याशी आपोआप अंतर राहील. सोबत एक लॅमिनेट केलेलं कार्ड, त्यावर हात पुढे करून उभ्या असलेल्या माणसाचं चित्र: ‘मला जागा हवी’. कार्ड दिलं की कुणीही असो, दोन पावलं मागे सरायचं, हा नियम सगळ्या वर्गाला शिकवला. पहिले काही दिवस एकजण तिच्या मागे उभं राहून तिचा हात धरून कार्ड द्यायला लावायचं. मग एके दिवशी तिनं स्वतः माझ्या हातात कार्ड कोंबलं. त्याच्या एका कोपऱ्यावर दातांचे ताजे ठसे होते. आधी ती कार्डालाच चावली होती, मग बहुतेक आठवलं असावं. ते कार्ड मी बदललं नाही, वर्ष संपेपर्यंत तेच वापरलं.

तुमच्या मुलाचं कारण हेच असेल असं मुळीच नाही. मुलं साधारण चार कारणांनी असं वागतात: नको असलेल्या गोष्टीतून सुटायला, हवी ती वस्तू मिळवायला, कुणाचं तरी लक्ष वेधायला, किंवा शरीराला तो दाबच हवा असतो म्हणून. चारही वेळा चावा सारखाच दिसतो, पण उपाय अगदी उलटसुलट आहेत. सुटायला चावणाऱ्याला बाहेर बसवलं तर चावणं वाढतं. लक्ष वेधायला चावणाऱ्याला समोर बसवून दहा मिनिटं समजावलं तरी वाढतं. म्हणून ‘चावणाऱ्या मुलाचं काय करावं’ याला एक उत्तर कुणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका, देणारा कितीही शिकलेला असो.

वही सुरू करतानाच एकदा डॉक्टरांकडून शरीर तपासून घ्या. ज्याला ‘पोट दुखतंय’ म्हणता येत नाही त्याचं दुखणं वागण्यातूनच बाहेर पडतं. बद्धकोष्ठ, किडलेला दात, कानातला संसर्ग, अपुरी झोप, या चार गोष्टींनी मी वर्गात जितका गोंधळ पाहिलाय तितका कुठल्याही ‘वर्तनसमस्ये’नं पाहिलेला नाही. साडेसहाव्या वर्षी पक्क्या दाढा येत असतात हेही लक्षात असू द्या. ऐकण्याची तपासणी निदानाच्या वेळी झाली नसेल तर ती आता करा. आणि काही क्षण नजर हरवल्यासारखी होत असेल, हाक मारून, हात लावूनही भान येत नसेल, तर ते मुद्दाम सांगा. स्वमग्न मुलांत अपस्माराचं, म्हणजे फिट्सचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, आणि सगळ्याच फिट्समध्ये हातपाय झटकले जात नाहीत.

आता त्याच्या बोलण्याकडे येते, कारण माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नाची गाठ तिथेच आहे. तुम्ही लिहिलंय की त्याला तहान लागली की तो ‘तुला पाणी हवंय का?’ असं म्हणतो आणि बाई म्हणतात की हे नुसतं पोपटासारखं आहे. अहो, हे मागणंच आहे! पाणी मिळण्याआधी दर वेळी जे वाक्य कानावर पडलं तेच तो अख्खं उचलून वापरतोय. बॅरी प्रिझंट नावाच्या अमेरिकी वाचातज्ज्ञानं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मुलांच्या अशा पुनरुच्चारांचा बारकाईनं अभ्यास केला आणि दाखवलं की त्यांतले कितीतरी मागण्यासाठी, होकारासाठी, आपली पाळी घेण्यासाठी, स्वतःला शांत करण्यासाठी वापरलेले असतात. त्याआधी अनेक ठिकाणी ही सवय मोडायचे प्रयत्न चालत. काही ठिकाणी अजून चालतात.

घरी आणि शाळेत एवढं करा: त्याला प्रश्न विचारण्याऐवजी त्याला उचलता येईल असं वाक्य द्या. पाण्याची बाटली हातात धरून, त्याच्या वतीनं म्हणा, ‘पाणी हवंय’. थांबा. मनात दहा आकडे मोजा. बहुतेक मोठी माणसं तिसऱ्या आकड्यालाच पुन्हा बोलतात, मीही बोलायचे. माझ्या एका सहकारी स्पीच थेरपिस्टनं मला बोलायच्या वेळी हाताची मूठ मिटून ठेवायला लावली होती. ‘मूठ उघडेपर्यंत तोंड उघडायचं नाही’ म्हणाली. हास्यास्पद वाटतं, पण उपयोग होतो.

आणि जोडीला चित्रं द्या. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात चित्रांची देवाणघेवाण करून मागायला शिकवण्याची पद्धत सुरू केली. पेक्स या नावानं ती तुमच्या थेरपिस्टला नक्की माहीत असेल. तिचं मर्म असं की मूल चित्राकडे नुसतं बोट दाखवत नाही, उठून जाऊन समोरच्या माणसाच्या हातात देतं. म्हणजे संवादाला दुसरा माणूस लागतो हे पहिल्याच दिवशी कळतं. ‘चित्रं दिली तर बोलणं थांबेल’ ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते, तुमच्याकडेही असणार. २००६ साली डायन मिलर, जॅनिस लाइट आणि राल्फ श्लोसर यांनी अशा पर्यायी साधनांवरचे तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. ज्यांतला पुरावा भक्कम होता अशा २७ व्यक्तींपैकी एकाचंही बोलणं कमी झालेलं नव्हतं, बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं. आकडा लहान आहे. पण माझ्या २२ वर्षांतही कार्डांमुळे गप्प झालेलं मूल मला भेटलेलं नाही.

इथवरचं थोडक्यात: चावणं हे सांगणं आहे असं धरून चला, कशाच्या आधी होतं ते लिहा, शरीर तपासा, आणि चावण्याऐवजी वापरता येईल असं एक कार्ड किंवा एक वाक्य द्या. हे ज्या इमारतीत होईल ती त्याची शाळा. आता ती इमारत कोणती, ते बघू.

आधी संध्याकाळच्या थेरपीचं सांगून टाकते, कारण त्यावर माझं मत पक्कं आहे. तास वाढवू नका. जितके तास जास्त तितकं मूल पुढे, ही समजूत कुठून आली ते सांगते. १९८७ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या इव्हार लोवास यांनी एक अभ्यास छापला. १९ लहान मुलांना आठवड्याला ४० तास एकेकट्यानं वर्तनोपचार दिले, आणि त्यातली नऊ मुलं पुढे सर्वसाधारण वर्गात इतरांसारखी शिकू लागली असं मांडलं. तो ४० चा आकडा जगभर पसरला. ही मुलं सुरुवातीला साधारण चार वर्षांच्या आतली होती, कुणाला ४० तास द्यायचे आणि कुणाला नाही ते चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, आणि उपचारांत ओरडणं आणि मांडीवर फटका मारणंही होतं, हा तपशील मात्र आकड्याबरोबर फिरला नाही. तुमचा मुलगा पाच तास शाळेत स्वतःला आवरून बसतो. त्यानंतर दोन तास थेरपी म्हणजे सात तास झाले. मोठ्या माणसाच्या नोकरीएवढे.

तासांपेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. माझ्या वर्गात आलेल्या एका मुलाच्या फाइलमध्ये लिहिलेलं होतं: ‘मदत मागतो, दहापैकी नऊ वेळा’. थेरपीच्या खोलीत खरंच मागायचा. घट्ट झाकणाची बरणी समोर ठेवली की थेरपिस्टकडे बघून ‘मदत कर’ म्हणायचा. वर्गात मात्र मधल्या सुट्टीत पाण्याची बाटली उघडत नसली की ती तशीच मांडीवर घेऊन बसायचा, तहानलेला, घंटा होईपर्यंत. त्याच्यासाठी ‘मदत कर’ हे त्या खोलीचं, त्या बरणीचं आणि त्या ताईंचं वाक्य होतं. स्वमग्न मुलांना एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी नेणं खरंच अवघड जातं. म्हणून तिसऱ्या तासाऐवजी थेरपिस्टना विचारा की महिन्यातून दोनदा शाळेत येऊन वर्गातल्या बाटलीवर, वर्गातल्या बाईंबरोबर हेच करून घ्याल का. संध्याकाळचे दोन तासही आठवड्यातून दोनतीन दिवसच ठेवा. उरलेल्या संध्याकाळी त्याला काहीही न शिकवता लोळू द्या. हे ऐकून तुम्हाला अपराधी वाटेल. सगळ्याच आयांना वाटतं.

थेरपी देणाऱ्या शाळेचा खरा फायदा हाच असायला हवा की थेरपी दिवसात विरघळलेली असते. स्पीच थेरपिस्ट मधल्या सुट्टीत बाकाशी बसते, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे हातांची आणि रोजची कामं करायला शिकवणारी, पेन्सिल धरण्याचं काम लिखाणाच्या तासालाच करते, आणि शिक्षिका तेच कार्ड दिवसभर वापरते. पण पाटी लावली म्हणून असं घडतंच असं नाही. काही ठिकाणी मुलाला अर्ध्या तासाच्या पाळीनं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरवतात, मधल्या वेळात वर्ग म्हणजे नुसतं सांभाळणं. तसं असेल तर ती संध्याकाळची थेरपीच झाली, फक्त सकाळी हलवलेली.

म्हणून माहितीपत्रक वाचू नका, एक अख्खा दिवस मागे बसू द्या म्हणावं. निदान अर्धा. मुख्याध्यापक फिरवून दाखवतात तो तास धरायचा नाही. बदलाच्या वेळा बघा: तास संपतो तेव्हा, सुट्टीवरून परत येताना, घरी जायच्या आधी. प्रत्येक मुलाला पुढे काय आहे हे दिसेल असं काही लावलंय का? एरिक शॉप्लर या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ पासून अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात स्वमग्न मुलांसाठी जी कार्यपद्धती रुजवली तिचा हा पाया आहे: जागा ठरलेली, काम किती ते दिसणारं, संपलं की संपल्याचं कळणारं. भिंतीवरचं वेळापत्रक सुंदर आहे का हे बघू नका. त्याची चित्रं हाताळून मळलेली, कोपरे उचकटलेले आहेत का ते बघा. कोरं करकरीत वेळापत्रक पाहुण्यांसाठी असतं.

तिथे एक सेन्सरी रूमही, म्हणजे स्पर्श, हालचाल, प्रकाश अनुभवायची खोली दाखवतील. झोके, चेंडूंचा हौद, रंगीत दिवे. भारावून जाऊ नका. जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टनं १९७०च्या दशकात संवेदनांच्या एकत्रीकरणाचा, म्हणजे स्पर्श, तोल, हालचाल यांची मेंदूत सांगड कशी बसते याचा विचार मांडला, त्यातून झोक्यांसारखी साधनं आली, आणि काही मुलांना झोक्यावरच्या दहा मिनिटांनी पुढचा अर्धा तास बसता येतं हे मी रोज बघते. पण वजनदार जॅकेट घालून लक्ष लागतं, यासारख्या दाव्यांमागचा पुरावा कच्चा आहे. मुलाला त्या खोलीत कधी नेतात ते विचारा. ‘बिथरल्यावर’ असं उत्तर आलं तर मघाचा चावण्याचा पगार आठवा. आधीच, ठरल्या वेळी नेत असतील तर उत्तम.

दिवसभरात कुठलं तरी मूल बिथरेलच. ती वेळ सोडू नका. मोठी माणसं आवाज वाढवतात की कमी करतात? बाकीची मुलं बाजूला नेतात की चारजण त्या एकाभोवती गोळा होतात? धरून ठेवणं, खोलीत कोंडणं याबाबत त्यांचा लेखी नियम काय आहे, आणि तसं झालं तर त्याच दिवशी पालकांना कळवतात का, हे थेट विचारा. इथे उत्तर गुळमुळीत आलं तर बाकी कितीही चांगलं असो, मी माझं मूल तिथे घालणार नाही.

एखाद्या मुलाचा वैयक्तिक आराखडा नाव झाकून दाखवायला सांगा. ‘संवादकौशल्य सुधारणे’, ‘एकाग्रता वाढवणे’ अशी वाक्यं असतील तर वर्षअखेरीला झालं की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि म्हणूनच ती लिहिलेली असतात. कामाचं ध्येय असं दिसतं: ‘बाटलीचं झाकण उघडत नसेल तर जवळच्या मोठ्या माणसाला कार्ड देईल किंवा “मदत कर” म्हणेल, पाचपैकी चार वेळा, किमान तीन वेगवेगळ्या माणसांबरोबर, आठवण न करता.’ शेवटचे दोन तुकडे सगळ्यात महत्त्वाचे, आणि तेच बहुतेक वेळा गाळलेले असतात.

सध्याच्या शाळेनं कदाचित शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलाशेजारी बसणारी मदतनीस आणा असंही सुचवलं असेल किंवा सुचवतील. आणा, पण डोळे उघडे ठेवून. मायकेल जियांग्रेको आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अशा मदतनीसांचं वर्गात निरीक्षण करून लिहिलं की सतत चिकटून बसणाऱ्या मोठ्या माणसामुळे वर्गशिक्षिका मुलाची जबाबदारी सोडते, बाकीची मुलं जवळ येत नाहीत आणि मूल प्रत्येक गोष्टीला त्या माणसाच्या तोंडाकडे बघू लागतं. मी हेच पाहिलंय. एक मदतनीस तर इतकी प्रेमळ होती की मुलानं मान वर करायच्या आत खोडरबर हातात ठेवायची. वर्षभरात तो खोडरबर मागायला शिकला नाही, त्याला गरजच पडली नाही. मदतनीस हवीच असेल तर ती वर्गासाठी असावी, एका बाकासाठी नसावी, आणि कोणत्या महिन्यात किती मागे सरायचं हे पहिल्या दिवशी ठरवावं.

मिस्टरांची भीती खोटी नाही. पुष्कळ ठिकाणी हा दरवाजा एकाच बाजूनं उघडतो. १९९४ साली स्पेनमधल्या सलामांका शहरात ९२ सरकारांच्या प्रतिनिधींनी सगळ्या मुलांना सर्वसाधारण शाळेत सामावून घेण्याचं धोरण मान्य केलं, आणि २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंगत्व करारात कलम २४ नं सर्वसमावेशक शिक्षण हा हक्क ठरवला. तेव्हा ‘याची जागा इथे नाही’ असं शाळेनं सहज म्हणावं हे बरोबर नाहीच. पण दिवसातले तीन तास जो मुलगा ऑफिसबाहेरच्या बाकावर काढतो तोही काही सामावलेला नसतो, फक्त हजेरीपटावर असतो. हक्काची भाषा बोलताना आपण मुलाचा आजचा दिवस विसरायचा नाही.

विशेष शाळा म्हणजे खालची पायरी, हा भाव मिस्टरांच्या बोलण्यात मला जाणवला, म्हणून थोडं आडवळण घेते. १८०० च्या सुमारास फ्रान्समध्ये जंगलात सापडलेल्या व्हिक्टर नावाच्या, न बोलणाऱ्या मुलाला इतार या डॉक्टरनं काही वर्षं शिकवलं. इतारचा शिष्य सेगँ यानं ती साधनं मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी वाढवली. मारिया माँटेसरी यांनी सेगँचं काम अभ्यासून आधी अशाच मुलांबरोबर काम केलं आणि १९०७ मध्ये रोममध्ये इतर मुलांसाठी पहिलं बालगृह उघडलं. ज्या माँटेसरी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून आईबाप रांगा लावतात तिथलं बरंचसं सामान विशेष मुलांच्या वर्गातून आलेलं आहे. हे मिस्टरांना जरूर सांगा.

तिथली मुलं बघून हा अजून बिघडेल का, असंही तुम्ही विचारलंय. एखादा आवाज, एखादी लकब उचलेल. ती बहुतेक वेळा जाते. मला त्याहून जास्त काळजी वेगळीच वाटते. तुमचा मुलगा ऐकलेली वाक्यं उचलून बोलायला शिकतोय. मग त्याच्या आजूबाजूला वाक्यं बोलणारी मुलं हवीत. ज्या गटात त्याला बसवणार त्यातली किती मुलं बोलतात हे मोजा. आठांपैकी एकही बोलत नसेल तर वाक्यं फक्त मोठ्यांकडून येणार, आणि मोठी माणसं मुलांशी बहुतेक वेळा हुकूमच बोलतात. अशा वेळी गट बदलून मागा.

मी तुमच्या जागी असते तर आत्ताच्या शाळेकडे सहा आठवडे मागितले असते. लेखी. त्यात तीन गोष्टी: वही, वर्गातच एक शांत कोपरा जिथे तो कार्ड दाखवून पाच मिनिटं जाऊ शकेल, आणि त्याच्या बाकावर चिकटवलेलं चारपाच चित्रांचं वेळापत्रक. खर्च जवळजवळ नाही. हवं तर हे आठवडे शाळेचा दिवस एका तासानं लहान करा. एका वर्गशिक्षिकेला हे जमू शकतं, पण तिची इच्छा हवी. तिच्यावर लादलं तर वही कोरीच राहते, तेही समजून घ्या. वर्गात चाळीस मुलं असतील तर तिच्या हातात वेळच नसतो, तो तिचा दोष नाही.

सहा आठवड्यांत चावणं निम्म्यावर आलं आणि तो वर्गात जास्त वेळ टिकू लागला, तर इथेच ठेवा आणि शाळेला कागद दाखवा. शाळा एवढंही करायला तयार नसेल, तर उत्तर त्यांनीच दिलं. तिथे त्याला रोज ‘नको असलेला’ म्हणून वाढवू नका. आणि शाळेनं मनापासून करूनही तो दिवसाचा बराच भाग वर्गाबाहेर घालवत असेल, रात्रीची झोप उडाली असेल, आधी येणारे शब्द कमी होत असतील, तर विशेष शाळेत न्या, उशीर करू नका. फक्त प्रवेशाच्याच दिवशी परतीच्या अटी लिहून घ्या: काय जमू लागलं की नेहमीच्या शाळेत आठवड्यातून एक तास, मग एक दिवस. दर सत्राला आढावा. ‘गेल्या तीन वर्षांत इथून किती मुलं नेहमीच्या शाळेत परत गेली?’ हा प्रश्न तिथल्या मुख्याध्यापकांना जरूर विचारा, आणि उत्तर देण्याआधी ते किती थांबतात तेही बघा.

या धावपळीत कुणीतरी ‘काही महिन्यांत पूर्ण बरा’ असंही सांगायला येईल. शरीरातले धातू काढणारी औषधं, ऑक्सिजनच्या बंद नळकांड्यात बसवणं, मुलाचा हात धरून त्याच्याकडून ‘टाइप’ करून घेणं. पहिल्यात जिवाला धोका आहे, दुसऱ्याचा स्वमग्नतेवर उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि तिसऱ्यात शब्द हात धरणाऱ्याचे निघतात हे १९९०च्या दशकातल्या चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलंय. नमस्कार करून निघून या.

वही उद्यापासूनच सुरू करा, शाळेचं ठरेपर्यंत थांबू नका. घरातलीही लिहा. सुट्टीच्या दिवशी चावतो का, हे मला सगळ्यात आधी बघायचंय. दोन आठवड्यांनी नोंदी मांडाल तेव्हा वेळ, जागा आणि तिसरा रकाना पूर्ण लिहा, आणि मुलाला सध्या काय काय मागता येतं त्याची यादी जोडा. ‘तुला पाणी हवंय का?’ ही त्या यादीतली पहिली ओळ.